कराची, आंबोली आणि माझी डिलीट केलेली पोस्ट

आज १९ डिसेंबर, गोवा मुक्ती दिन. सकाळपासून फीडवर तिरंग्याचे फोटो आणि कळंगुटचे फोटो एकत्रच येतायत. मला मात्र आज मे महिन्यातली एक रात्र लिहायचीय. ती लिहिताना गोव्याचाच एक जुना रेडिओ मधे येणार आहे, म्हणून आजचा दिवस धरला. पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

८ मे २०२५. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दोन दिवसही झाले नव्हते. रात्री घरात टीव्ही चालू, हातात मोबाईल. स्टुडिओत भोंगे वाजतायत, खाली लाल पट्ट्या पळतायत. एका चॅनेलवर आपल्या नौदलाने कराची बंदर उडवलं, दुसऱ्यावर आपण इस्लामाबादेत शिरलो, तिसऱ्यावर त्याच्याही पुढचं काहीतरी. अकरा चाळीसला मी माझ्या पेजवर टाकलं, "ब्रेकिंग : कराची बंदर उद्ध्वस्त". पुढं तिरंगा, आग, तोफ, जे सापडेल ते.

वीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस मी. महापालिकेच्या पाण्याची बातमी लावायची तर दोन अधिकाऱ्यांना फोन करतो. पाणी चार दिवसाआड येणार की पाच, हे विचारल्याशिवाय एक ओळ टाकत नाही. आणि एका देशाचं अख्खं बंदर उडवताना कुणालाच विचारलं नाही.

सकाळी कराची बंदर जागेवर होतं. सरकारने, नौदलाने असं काही सांगितलंच नव्हतं. मी पोस्ट गुपचूप डिलीट केली. चूक झाली असं लिहिलं नाही. "सगळ्यांनीच टाकलं होतं" असं स्वतःला सांगून चहा घेतला.

नऊच्या सुमारास फोन आला. माढा तालुक्यातले एक काका, सैन्यात सिग्नलमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. नाव लिहू नका म्हणालेत. माझं पेज नेहमी वाचतात, ऊसदराच्या बातमीवर भांडतातसुद्धा.

"पत्रकार साहेब, रात्रीची कराचीची बातमी कुणाकडनं घेतली होती?"

"टीव्हीवर होती की काका. सगळ्याच चॅनेलवर."

"चॅनेलला कुणी सांगितलं?"

मी गप्प.

"मग तुम्ही मेसेज घेतला नाही. कानावर पडला तो पुढं ढकलला. आमच्याकडं असं केलं असतं तर लायनीत उभं केलं असतं."

मग फोनवरच माझी शिकवणी झाली. सैन्यात संदेश निघतो तेव्हा तो कुणाच्या अधिकारात निघाला हे आधी असतं. तारीख आणि वेळ, मिनिटापर्यंत. मग निकड किती ते : फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी, रूटीन. (आमच्या चॅनेलवाल्यांकडे सगळंच फ्लॅश.) महत्त्वाचा मजकूर ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवायचा. अक्षरात घोळ नको म्हणून ए म्हणायचं नाही, अल्फा म्हणायचं. बी नाही, ब्राव्हो. नीट ऐकू आलं नाही तर अंदाजाने जागा भरायची नाही, सरळ "से अगेन" म्हणायचं. "रिपीट" म्हणायचं नाही. का, तर तोफखान्याच्या भाषेत रिपीट म्हणजे त्याच जागी पुन्हा मारा करा. एक शब्द चुकला तर गोळे पडतात.

सिग्नल कोअरची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ ची. तिचं ब्रीद दोनच शब्दांचं आहे, "तीव्र चौकस". म्हणजे जलदही हवं आणि खात्रीचंही. काका म्हणाले, "तुमच्या लोकांनी पहिला शब्द तेवढा घेतला."

आणि योगायोग बघा. त्याच आठवड्यात रोज देशापुढे येऊन माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी याच सिग्नल कोअरच्या अधिकारी. ७ मेची त्यांची पहिली पत्रकार परिषद पुन्हा काढून पाहा. कारवाई रात्री १ वाजून ५ मिनिटांपासून दीड वाजेपर्यंत, नऊ ठिकाणं, प्रत्येकाचं नाव. आवाज चढवला नाही, जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं नाही. आम्ही पत्रकारांनी त्यांच्या साडीवर, युनिफॉर्मवर, आडनावावर रकाने भरले. त्या बोलतात कशा, याकडे कुणी पाहिलं नाही.

आता गोव्याकडे येतो.

आपल्याकडची पोरं गोव्याला निघाली की आजऱ्यावरून आंबोलीत थांबतात. भजी, धबधबा, रील. मीही थांबलोय. त्याच आंबोलीच्या जंगलात २५ नोव्हेंबर १९५५ ला एक चोरटं रेडिओ केंद्र सुरू झालं, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात रेडिओवर आख्खा पेपर होता, त्यातही नव्हतं. तारीखही बघा : १५१० साली २५ नोव्हेंबरलाच आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला होता.

चालवणारे मुख्य दोघं, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई. लिबियाबाई दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत इटालियन युद्धकैद्यांच्या पत्रव्यवहाराच्या कामावर होत्या, पुढे ऑल इंडिया रेडिओत नोकरीला. म्हणजे शत्रूची भाषा कशी वाचायची आणि रेडिओ कसा चालतो, दोन्ही ठाऊक असलेली बाई. ऑगस्ट १९५५ मध्ये गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात माणसं गेली. भारताने नाकेबंदी केली. सीमा बंद, पत्रं बंद, ये-जा बंद. आत सालाझारची सेन्सॉरशिप अशी की लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागायची. मग आतल्या माणसाला बाहेरचं कळणार कसं? हवेतून. हवेला नाका नसतो.

यंत्र कुठून आलं ते तर गमतीचं आहे. १९५४ साली दादरा-नगर हवेली मुक्त झालं. त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजाभाऊ वाकणकर होते. तिथं पोर्तुगीजांचे वायरलेस संच हाती लागले होते. त्यांच्यापासूनच हे प्रक्षेपण यंत्र तयार केलं आणि ट्रकवर बसवलं. पोर्तुगीजांचंच यंत्र, पोर्तुगीजांवरच. आधी आंबोली, मग कॅसलरॉकच्या जंगलात. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये बातम्या. कोकणी गोव्याच्या माणसासाठी, पोर्तुगीज राज्यकर्त्यांसाठी. शत्रूला त्याच्या भाषेत सांगणं हे मला फार आवडतं. आपल्याकडे हल्ली शत्रूला शिव्या मराठीत देतात आणि त्या ऐकतात आपलेच लोक.

१९५५ ते १९६१, सहा वर्षं. आंबोलीचा एक पावसाळा ताडपत्रीखाली काढून बघा म्हणजे कळेल. ऐकणारा गोव्यात दार लावून, आवाज बारीक करून ऐकणार. पकडला गेला तर तुरुंग. अशा माणसाला एकदा जरी "पणजी पडली" असं खोटं सांगितलं असतं आणि सकाळी त्याने खिडकी उघडल्यावर पोर्तुगीज शिपाई तसाच उभा दिसला असता, तर दुसऱ्या रात्री त्याने जीव धोक्यात घालून रेडिओ लावला असता का? माझ्या मते त्या केंद्राची सगळी ताकद यात होती. ट्रकमधल्या यंत्राचे वॅट किती होते यात नव्हती.

डिसेंबर १९६१ मध्ये तर लढाई आणि रेडिओ वेगळे काढताच येत नाहीत. १४ तारखेला सालाझारने लिस्बनहून संदेश पाठवला. अर्थ असा की तह नाही, शरणागती नाही, आमचे सैनिक एकतर जिंकतील नाहीतर मरतील. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाकडे साडेतीन हजारांच्या आतबाहेर सैन्य आणि जुनी हत्यारं. एक किस्सा सांगतात : गोव्यातून रणगाडाविरोधी दारूगोळा मागवला तो सांकेतिक शब्दात, सॉसेज म्हणून. लिस्बनमधल्या कुणालातरी तो संकेत माहीत नव्हता, त्याने विमानाने खरोखरचे सॉसेज पाठवले! किस्सा रंगवलेला असेल, पण काकांना सांगितला तर ते हसले नाहीत. "असं होतं," एवढंच म्हणाले.

१७ डिसेंबरच्या रात्री ऑपरेशन विजय सुरू झालं. १८ ला सकाळी आपल्या हंटर विमानांनी कशावर हल्ला केला? बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर. जिथं आता गोवा मेडिकल कॉलेज आहे ती बांबोळी. गोव्याचं लिस्बनशी बोलणं तोडायचं होतं. मग तो संपर्क राखायचं काम बंदरातल्या युद्धनौकेवर आलं. तिचं नाव 'आफोन्सो द आल्बुकर्क'. त्याच दिवशी आयएनएस बेतवा आणि आयएनएस ब्यास यांनी तिला गाठलं आणि तीही गप्प झाली. १९ ला रात्री वासालो ई सिल्वाने शरणागतीवर सही केली. सालाझारचा हुकूम त्याने मोडला, म्हणून हजारो माणसं वाचली. त्याला नंतर सैन्यातून काढलं. त्याच १९ तारखेला लिबियाबाई आणि वामनराव हवाईदलाच्या विमानात बसले आणि लाऊडस्पीकरवरून खाली गोव्याला सांगत फिरले, की तुम्ही स्वतंत्र झालात.

ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला. सहा वर्षांची पत होती.

लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली जानेवारी २०२५ मध्ये. वय वर्षं शंभर.

कुणी म्हणेल, तो परक्याविरुद्धचा लढा होता, तेव्हा खोटं बोलायची गरजच काय होती. असं नाही. १९४२ चं बघा. त्या वर्षी मराठी माणसाच्या कानासाठीच लढाई चालली होती. बीबीसीने मराठी बातम्या सुरू केल्या त्या १९४२ मध्ये. तिकडे जर्मनीतून सुभाषबाबूंचं आझाद हिंद रेडिओ, त्याच्याही भाषांत मराठी होती. इंग्रजांचं सेन्सॉर वर्तमानपत्रांच्या उरावर. आणि या सगळ्यात मुंबईत बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे सहकारी ऑगस्टच्या अखेरीस काँग्रेस रेडिओ सुरू करतात, ४२.३४ मीटरवर. नेते तुरुंगात, राममनोहर लोहिया भूमिगत राहून मदतीला.

पोलिसांकडे दिशा शोधणाऱ्या गाड्या होत्या. तंत्र साधं आहे. फिरती एरियल लावलेली एक गाडी सांगते की आवाज या दिशेने येतोय. दुसऱ्या रस्त्यावरची गाडी तिची दिशा सांगते. नकाशावर दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं तुम्ही बसलेले. म्हणून दर थोड्या दिवसांनी खोली बदलायची, यंत्र उचलायचं, पुन्हा एरियल टांगायची. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावातल्या पारेखवाडीत पकडले गेले, तेही आतल्याच एका तंत्रज्ञाने पत्ता सांगितल्यामुळे. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. केंद्र तीन महिनेही चाललं नाही. पण आपल्याच राज्यातल्या चिमूर आणि आष्टीत काय घडलं, लोकांवर काय अत्याचार झाले, हे वर्तमानपत्रं छापू शकत नव्हती तेव्हा या रेडिओने सांगितलं. देशभरातून माणसं बातम्या घेऊन मुंबईला यायची, त्या आधी पाहिल्या जायच्या, मग वाचल्या जायच्या. पोलीस दारात असताना हे लोक बातमी तपासत होते. माझ्या दारात त्या रात्री कोण होतं? फॅन चालू होता, एवढंच.

आता मुद्दा वादाचा आहे, तो टाळत नाही. मे महिन्यात मला पार्क चौकात एका मित्राने ऐकवलं, "अरे युद्धात थोडं खोटं चालतं. लोकांचं मनोबल वाढतं. तू कुणाच्या बाजूने आहेस?"

मी देशाच्याच बाजूने आहे, म्हणूनच लिहितोय. शत्रूला फसवायला सैन्य खोटे संदेश सोडतं, ते त्यांचं काम आहे आणि त्यांना ते येतं. आपल्याच माणसाला फसवून काय मिळतं? १९७१ च्या डिसेंबरात जनरल माणेकशॉ रेडिओवरून पूर्व पाकिस्तानातल्या पाक सैनिकांना सांगत होते की तुम्ही घेरले गेला आहात, शस्त्रं ठेवा, तुम्हाला सन्मानाने वागवू. त्याचा परिणाम झाला कारण सैनिक आजूबाजूला बघत होता आणि माणेकशॉ सांगतायत तेच दिसत होतं. आधीच्या आठवड्यात आकाशवाणीने चार खोटे विजय जाहीर केले असते तर त्या आवाहनाला कुणी भीक घातली नसती. ८ मेच्या रात्री आपण नेमकं तेच केलं. आपलं सैन्य दुसऱ्या दिवशी खरं सांगत होतं आणि जगातली माध्यमं आपल्या चॅनेलांची कराची-इस्लामाबाद दाखवून हसत होती. खऱ्या कारवाईवर संशय घ्यायला शत्रूला आयतं कोलीत मिळालं.

भोंग्याचं तर वेगळंच दुखणं आहे. सोलापूरकराला भोंगा शिकवायला नको. गिरण्या चालू होत्या तेव्हा आपलं अर्धं शहर भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा बांधायचं. घड्याळ नसलेल्या घरातही वेळ कळायची, कारण भोंगा कधी उगाच वाजत नव्हता. मे महिन्यात चॅनेलवाल्यांनी हवाई हल्ल्याचा भोंगा बातम्यांच्या मागे पार्श्वसंगीत म्हणून वापरला. शेवटी नागरी संरक्षण विभागाला सूचना काढावी लागली की हा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, नाहीतर खरा वाजेल तेव्हा लोक उठायचे नाहीत. लांडगा आला रे, दुसरं काय.

२६/११ ला मुंबईतली थेट दृश्यं पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्हीवर बघत होते आणि फोनवरून आतल्या अतिरेक्यांना सूचना देत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून झापलं. तेव्हा खरं दाखवून घोळ केला, आता खोटं दाखवून. मधली जी जागा आहे, म्हणजे खरं, तपासलेलं आणि सांगण्याजोगं तेवढंच, ती आमच्या धंद्याची जागा. ती रिकामी पडलीय.

दोष सगळा माध्यमांचाच आहे असंही मी म्हणत नाही. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या ग्रुपवर काय काय फिरत होतं आठवा. पेट्रोल बंद होणार, एटीएम बंद होणार, अमक्या गावात ड्रोन दिसला. यातल्या एकेका अफवेला खोटं म्हणायला प्रशासनाकडून शब्द यायला दुसरा दिवस उजाडायचा. अफवा रात्री साडेदहाला निघते आणि खुलासा सकाळी अकराला, कार्यालय उघडल्यावर. अशा वेळी जिल्ह्यात एक माणूस, एक नंबर, एक ठरलेली वेळ हवी. रात्री नऊला आणि बाराला, काही घडलेलं नसेल तरी "काही घडलेलं नाही" एवढं सांगायचं. आकाशवाणीचं केंद्र आपल्या शहरात आहे. मोबाईलचं नेटवर्क गेलं तर सेलवर चालणारा छोटा रेडिओच कामाला येणार आहे. तुमच्या घरात आहे का एखादा? माझ्या घरात नव्हता. आता आहे, काकांच्या सांगण्यावरून घेतला.

पेजपुरतं मी काय बदललं ते सांगतो. युद्ध, दंगल, अपघातातला मृतांचा आकडा, यातली कुठलीही बातमी आता कुणी सांगितली आणि किती वाजता सांगितली हे लिहिल्याशिवाय टाकत नाही. ज्याने सांगितली त्याला टाकण्याआधी परत वाचून दाखवतो. यामुळे दोनदा दुसऱ्या पेजच्या मागे राहिलो. एकदा अर्धा तास, एकदा तब्बल तीन तास. लाइक गेले. तिसऱ्यांदा बाकीच्यांना पोस्ट काढाव्या लागल्या, माझी राहिली.

ही पोस्टसुद्धा टाकण्याआधी काकांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी फ्लॅश आणि प्रायॉरिटीचा क्रम मी उलटा लिहिला होता तो दुरुस्त केला. आंबोलीचा भाग परत वाचायला लावला.

एक विनंती. ८ मेच्या माझ्या त्या कराचीच्या पोस्टचा स्क्रीनशॉट अजून दोन-तीन ग्रुपवर फिरतोय, परवाच मला एकाने "दादा तुमचीच ना ही" म्हणून पाठवला. पोस्ट माझीच होती, बातमी खोटी होती. तो स्क्रीनशॉट कुठं दिसला तर खाली हे टाका.